रूड लांगगोर: रिबेच्या कथीड्रलमधला ऑर्गनवादक

सागरगोटा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं वर्षभर मनात होतं, आज पाऊस लागलाय आणि सुट्टी आहे म्हणून बसले एकदाची.

मी गेली चार वर्षं डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर एस्बियर्गला असते, समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कामासाठी आले. इथून ट्रेनने अर्ध्यापाऊण तासावर रिबे नावाचं छोटं गाव आहे, डेन्मार्कमधलं सगळ्यात जुनं गाव म्हणून त्याचा मान, आणि गावाच्या मधोमध बाराव्या शतकात सुरू केलेलं कथीड्रल, त्यासाठी दगड ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यातून बोटीने आणला होता. पहिल्यांदा गेले तेव्हा रविवारची उपासना नुकतीच संपली होती, लोक कोट चढवून दाराकडे निघालेले, आणि ऑर्गन सुरू झाला. मी तोपर्यंत ऑर्गन म्हणजे काहीतरी संथ, गंभीर, लग्नात किंवा मयताला वाजतं ते, एवढंच धरून चालले होते. हे तसं नव्हतंच. आधी एकदम गोड, जुन्या वळणाची चाल, मग मधेच काही न सांगता भिंत कोसळावी तसा आवाज, मग परत ती गोड चाल जणू काही झालंच नाही. मी निघालेली परत बाकावर बसले. नंतर तिथल्या एका बाईंना विचारलं तर म्हणाल्या लांगगोरचं होतं, आमचाच ऑर्गनिस्ट, १९४० ते १९५२.

तर हा रूड लांगगोर. (उच्चार लिहिणं अवघड आहे, डॅनिश लोक शब्दाच्या शेवटचा ड जिभेवर विरघळवतात, ऐकायला जवळजवळ 'रूल' येतं.) जन्म २८ जुलै १८९३, कोपनहेगन. आईवडील दोघं पियानोवादक. वडील सीगफ्रीड लांगगोर हे हंगेरीच्या नामवंत पियानोवादक फ्रान्झ लिस्टचे शिष्य, आणि संगीत म्हणजे ईश्वराकडे जायचा रस्ता असं मनापासून मानणारे, त्यावर पानंच्या पानं लिहिणारे. एकुलता एक मुलगा, तो या दोघांचंच ऐकत वाढला. १९०५ मध्ये अकरा वर्षांचा असताना कोपनहेगनच्या फ्रेडरिक चर्चमध्ये, ज्याला सगळे मार्बल चर्च म्हणतात, त्याने जाहीर ऑर्गनवादन केलं आणि ऐकायला नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग बसला होता. पेडलपर्यंत (पायाने वाजवायच्या पट्ट्या) पाय नीट पोचत असतील नसतील अशा वयात!

पुढे १९१३ च्या एप्रिलमध्ये त्याची पहिली सिंफनी (ऑर्केस्ट्रासाठीची मोठी, अनेक भागांची रचना) बर्लिन फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राने वाजवली, माक्स फीडलरच्या हाताखाली. तेव्हा वय १९. तासाभराची सिंफनी, स्वीडनच्या कुलेन नावाच्या कड्यावर सुट्टीत जायचे सगळे, तिथल्या खडकांवर आणि समुद्रावर रचलेली, नावच 'कड्यावरची पास्टोरालं', म्हणजे निसर्गचित्रं, असं काहीसं. एवढ्या मोठ्या ऑर्केस्ट्राने एवढ्या पोराची एवढी लांब रचना वाजवली, माणसाला वाटेल की आता याचं सोनं झालं. झालं उलटंच. पुढच्या वर्षी वडील गेले, महायुद्ध सुरू झालं, जर्मनीचं दार बंद झालं, आणि कोपनहेगनमध्ये त्याला कोणी विचारेना. ऑर्गनिस्टच्या जागेसाठी अर्ज करत राहिला, एकामागून एक, हंगामी कामं मिळत गेली, कायमची जागा काही मिळेना. शेवटी १९४० मध्ये, सत्तेचाळिशीच्या उंबरठ्यावर, रिबेच्या कथीड्रलमध्ये कायमची नोकरी. राजधानीपासून तीनेकशे किलोमीटर लांब. आणि वर्ष बघा, त्याच एप्रिलमध्ये जर्मन सैन्य डेन्मार्कमध्ये घुसलं होतं. १० जुलै १९५२ ला तो रिबेतच गेला, एकोणसाठ पूर्ण व्हायला अठरा दिवस कमी. तोपर्यंत १६ सिंफनी आणि एकूण चारशेच्या वर रचना लिहून झाल्या होत्या, बहुतेक कपाटात.

याच्याबद्दल जिथे वाचाल तिथे 'विक्षिप्त', 'डेन्मार्कचा वेडा' असल्या गोष्टी पहिल्या ओळीत येतात आणि मला त्याचा राग येतो. मला वाटतं या माणसाकडे ऑर्गनच्या बाजूने बघायला पाहिजे. सिंफनीकार होता आणि पोटासाठी ऑर्गन वाजवायचा असं नाही, आधी ऑर्गनिस्ट, मग सगळं बाकीचं. त्याबद्दल बोलायला हा धागा. त्याची सगळ्यात मोठी ऑर्गन रचना 'मेसिस', तीन संध्याकाळी वाजवायची, दोन तासांच्या वर. त्यावर खाली सविस्तर लिहीन, आधी तुमचं ऐकू दे.

जास्वंद

किती छान लिहिलंयस गं. एक बेसिक प्रश्न. ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकात असतो तोच का? आमच्या आजोळी एक जुना होता, पायाने भाता मारायचा, आजी त्याला पायपेटीच म्हणायची.

आबा_सांगलीकर

जास्वंद, मी सांगतो, आयुष्य नाटकाच्या विंगेत गेलंय. संगीत नाटकातला ऑर्गन हा रीड ऑर्गन, म्हणजे पितळी पत्ती हवेने थरथरते आणि सूर निघतो, हार्मोनियमचंच मोठं भावंड समज. हाताने भाता ओढावा लागत नाही त्यामुळे दोन्ही हात पट्टीवर, आणि सूर सलग, गायकाच्या मागे चादर घातल्यासारखा. चर्चमधला तो पाईप ऑर्गन. त्यात प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी, बासरीसारखी, आणि अशा हजारो. दोन्हीत हवा हेच इंधन, पण पत्तीचा ऑर्गन खोलीत मावतो आणि पाईपच्या ऑर्गनला ती इमारतच अंग म्हणून लागते. मुंबईत फोर्टातल्या सेंट थॉमस कथीड्रलमध्ये आहे पाईप ऑर्गन, तरुणपणी एकदा ऐकलाय, आवाज कानात नाही बाकात ऐकू येतो.

सागरगोटा

आबा, 'बाकात ऐकू येतो' हे अगदी खरं! सोळा फुटी पाईप असतो त्याचा सगळ्यात खालचा सूर सेकंदाला साधारण ३२ कंपनांचा, बत्तीस फुटीचा त्याच्या निम्मा, तो तर सूर म्हणून कळतच नाही, छातीत काहीतरी चाललंय एवढंच कळतं.

तुम्ही पायपेटीचं सांगितलंत त्यावरून माझा मुद्दा सोपा करून मांडता येईल. पाईप ऑर्गनवर वादकाच्या दोन्ही बाजूंना खुंट्या असतात, त्यांना स्टॉप म्हणतात. एक खुंटी ओढली की एका जातीच्या पाईपांची रांग जागी होते, बासरीच्या जातीची, व्हायोलिनच्या जातीची, तुतारीच्या जातीची. पियानोवर आवाज वाढवायचा तर बोट जोरात मारता, ऑर्गनवर बोट कसंही मारलंत तरी आवाज तेवढाच. वाढवायचा तर खुंटी ओढायची, म्हणजे आवाज पायरीने वाढतो, उतारावरून नाही. एका क्षणी कुजबूज, पुढच्या क्षणी खुंट्या बाहेर आणि सगळं चर्च हादरतंय. रोमँटिक काळातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या, ऑर्गनांना झडपांची पेटी असते, पायाने झडपा उघडल्या-मिटल्या की आवाज थोडा फुगवता येतो, पण मूळ स्वभाव पायरीचाच.

आता लांगगोरच्या सिंफनी ऐका. टीकाकार म्हणायचे याला एका कल्पनेतून दुसरीत जाता येत नाही, मधला पूल नसतो, एकदम तुकडा संपतो आणि दुसरा सुरू. मला ते ऑर्गनिस्टचं लिहिणं वाटतं. तो ऑर्केस्ट्राच्या खुंट्या ओढतोय. सहावी सिंफनी, १९१९-२० ची, 'आभाळ फाडणारी' असं नाव आहे, तिच्या शेवटी पितळी वाद्यं ज्या पद्धतीने येतात ती ऑर्केस्ट्राच्या मास्तरची पद्धत नाही, सगळे स्टॉप बाहेर काढलेल्या माणसाची आहे.

मध्यमसा

धागा आवडला. वीसेक वर्षं पाश्चात्य शास्त्रीय ऐकतोय आणि लांगगोर बराच ऐकलाय, थॉमस डाउसगोरने डॅनिश रेडिओच्या ऑर्केस्ट्राबरोबर केलेल्या सोळाच्या सोळा सिंफनी आहेत माझ्याकडे. तरी थोडं विरोधी लिहितो, राग मानू नका.

पहिलं, 'त्याच्यावर अन्याय झाला' ही गोष्ट इतकी सरळ नाही. तुम्ही लिहिलं नाहीत पण वाचणाऱ्याला वाटेल की कोणीतरी मुद्दाम दाबलं. त्या काळात डेन्मार्कमध्ये चव बदलली होती. थॉमस लाउब म्हणून चर्च संगीताचा सुधारक होता, त्याचं म्हणणं की एकोणिसाव्या शतकाने चर्चची गाणी गुळचट करून टाकलीत, परत जुन्या, साध्या, कणखर चालींकडे जाऊ या. डेन्मार्कचा सगळ्यात नावाजलेला संगीतकार कार्ल नील्सन त्याच्या बाजूचा, दोघांनी मिळून लोकांनी गायची साधी गाणी केली, ती आजही डॅनिश घरात गायली जातात. पुढे ऑर्गन बांधणारेसुद्धा त्या वाटेने गेले, धुकट रोमँटिक आवाजाऐवजी बाखच्या काळासारखा स्वच्छ, प्रत्येक सूर वेगळा दिसणारा आवाज. नील्सनचा 'कोमोतिओ' ऐका, १९३१ चा, ऑर्गनसाठी, तो गेला त्याच वर्षीचा. एकही ओळ वाया नाही. अशा वेळी लांगगोर गाडे, हार्टमान, वॅग्नर या एकोणिसाव्या शतकातल्या रोमँटिक संगीतकारांचा झेंडा घेऊन उभा. लोकांनी वळून पाहिलं नाही यात कट नाही, काळ होता.

दुसरं, तो फार असमान आहे. काही पानं अशी की अंगावर काटा येतो, आणि त्याच्याच पुढे दहा मिनिटं कोणीही लिहिलं असतं असं संगीत. खुंट्यांची उपमा छान आहे पण तिने प्रत्येक फाटलेला सांधा माफ होत नाही.

सागरगोटा

मध्यमसा, राग कसला, हेच हवं होतं. काळाचं तुमचं म्हणणं मान्य, आणि तुम्ही लाउबचं नाव आणलंत ते बरं केलंत कारण त्याशिवाय ऑर्गनिस्टची नोकरी का मिळत नव्हती ते कळत नाही. चर्चची समिती ज्याला घेणार त्याने नव्या पद्धतीने साधं वाजवावं अशी अपेक्षा, आणि हा साध्या भजनाआधी चार मिनिटं प्रलय वाजवणार!

पण एका गोष्टीला नाही म्हणेन. तो फक्त मागे बघणारा नव्हता. १९१६ ते १८ मध्ये त्याने 'स्फेअरर्नेस म्युझिक' लिहिलं, ग्रहगोलांचं संगीत. त्यात लांब उभा केलेला दुसरा छोटा ऑर्केस्ट्रा आहे, सोप्रानो (उंच आवाजाची गायिका), कॉयर (गायकवृंद) आणि ऑर्गन आहे, पियानोच्या तारा पट्ट्यांवरून नाही तर थेट हाताने छेडायच्या आहेत, आणि बराच वेळ चाल अशी काही नाहीच, नुसता आवाजाचा थर हलतोय, चकाकतोय. हे १९१८! जर्मनीत कार्ल्सरूहला १९२१ मध्ये वाजलं, पुढच्या वर्षी बर्लिनला, आणि मग थेट १९६८. मधली सेहेचाळीस वर्षं शांतता. त्याच्या हयातीत डेन्मार्कमध्ये एकदाही नाही. १९६८ च्याच सुमाराला डॅनिश संगीतकार पेर न्योर्गोरने परीक्षणासाठी आलेल्या नव्या रचनांच्या गठ्ठ्यात ही जुनी स्वरलिपी सरकवून नामवंत आधुनिक संगीतकार ग्यॉर्गी लिगेतीला दिली, आणि लिगेती बघून म्हणाला की मी लांगगोरचा अनुकरण करणारा आहे हे मला माहीतच नव्हतं. लिगेतीने साठच्या दशकात जे थरांचं संगीत लिहून जगाला चकित केलं ते पन्नास वर्षं आधी इथे होतं. आणि माझ्या मते तो थर म्हणजे ऑर्गनच आहे. चर्चमध्ये हात उचलल्यावरही सूर चार-पाच सेकंद छताखाली फिरत राहतो, त्यात पुढचा मिसळतो. लहानपणापासून जो रोज त्या सुरांच्या तळ्यात बसलाय त्यालाच असं सुचणार.

मध्यमसा

'स्फेअरर्नेस' बद्दल वाद नाही. ते विसाव्या शतकातल्या पहिल्या रांगेतलं आहे. पण मग १९२४-२५ नंतर तो स्वतःच त्या वाटेवरून मागे फिरला ना? अचानक परत गाडेसारखं, मेंडेल्सोनसारखं लिहायला लागला. आधुनिक लोकांना तो जुना, जुन्यांना तो विचित्र. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी तसं.

नगरी_नाना

मी संगीतातला जाणकार नाही पण 'मेसिस' शब्द वाचून थांबलो. आमचं घराणं नगरचं, चार पिढ्या ख्रिस्ती, रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं पाळण्यापासून ऐकलेली. आमच्या चर्चमध्ये आबा म्हणतात तसा पत्तीचा ऑर्गन होता आणि माझे वडील तो चाळीस वर्षं वाजवत होते. मेसिस म्हणजे लॅटिनमध्ये कापणी. सागरगोटा, ही रचना बायबलमधल्या मत्तयाच्या तेराव्या अध्यायातल्या दाखल्यावर, म्हणजे दृष्टांतावर, आहे का? शेतात चांगलं बी पेरलं, रात्री वैऱ्याने येऊन निदण पेरलं, आणि कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्या असं धनी सांगतो. पुढे खुलासा येतो की कापणी म्हणजे युगाची समाप्ती आणि कापणारे म्हणजे देवदूत.

सागरगोटा

नाना, तुम्ही नेमकं धरलंत! हो. त्याचं पूर्ण नाव 'मेसिस', खाली डॅनिशमध्ये 'कापणीचा काळ', तीन संध्याकाळींचं ऑर्गन नाट्य. साधारण १९३२ ते ३७ मध्ये लिहिलं आणि पुढेही हात फिरवत राहिला. लक्षात घ्या, ही वर्षं म्हणजे त्याच्याकडे कायमची नोकरी नाही, वय चाळीस, आपला 'अँटिक्रिस्ट' ऑपेरा रॉयल थिएटरने नाकारलेला (तो रंगमंचावर आला १९९९ मध्ये, इन्सब्रुकला, त्याच्या मृत्यूनंतर ४७ वर्षांनी). आणि तेव्हा माणूस बसून दोन तासांचं ऑर्गन नाट्य लिहितो, ज्यात एक गायक नाही, एक शब्द बोलला जात नाही, सगळं एकट्या वादकाच्या दोन हातांनी आणि दोन पायांनी.

पहिली संध्याकाळ म्हणजे 'मेसिस' स्वतः, कापणी, युगान्त. दुसऱ्या संध्याकाळीचं नाव 'हुआन'. तिसरी 'नरकात पुरलेला', आणि तिच्यामागे बायबलमधली श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांची गोष्ट.

मी तिन्ही भाग ऑर्गनवादक फ्लेमिंग ड्राइसिगच्या रेकॉर्डिंगवर खरंच तीन वेगळ्या संध्याकाळी ऐकले, दिवे घालवून, हेडफोन न लावता. एका दमात ऐकू नका. एका दमात ऐकलं की मध्यमसा म्हणतात तसं लांबण वाटतं. एक-एक संध्याकाळ घेतली तर कळतं की हे मैफिलीचं नाहीच, हे उपासनेच्या चालीने चाललंय. भजनासारखी चार ओळींची चाल येते, अगदी गावातल्या चर्चमधली, मग तिच्याखाली पेडलवर काहीतरी हलायला लागतं आणि चाल तशीच राहते पण तुमचा तिच्यावरचा विश्वास जातो. मग पूर्ण ऑर्गन. मग शांतता, आणि इथे शांतता लिहिलेली आहे, ती वाजते.

नगरी_नाना

'नरकात पुरलेला' हे नाव लूकच्या सोळाव्या अध्यायातूनच. 'श्रीमंतही मेला व त्याला पुरण्यात आले', आणि पुढच्या वाक्यात तो अधोलोकात यातना भोगत डोळे वर करतो. तो दारापाशी पडलेला लाजर, फोडांनी भरलेला, कुत्री येऊन चाटतात, आणि मेल्यावर दोघांची जागा बदलते. श्रीमंत म्हणतो लाजराला पाठव, बोटाचं टोक पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करू दे. अब्राहाम म्हणतो, आमच्या आणि तुमच्यामध्ये मोठी दरी आहे. लहानपणी वडील हा उतारा वाचायचे तेव्हा मला त्या दरीची भीती वाटायची, आगीची नाही.

सागरगोटा

नाना, हे वाचून मी परत तिसरी संध्याकाळ लावली. दरी! मला वाटत होतं इतके लांब विराम का, आणि अगदी वरचे आणि अगदी खालचे सूर एकत्र, मध्ये काहीच नाही. आता दुसरं काही ऐकूच येणार नाही मला.

ओवी

मूक वाचक होते, आज लॉगिन केलं. मला यातलं काही म्हणजे काही माहीत नाही, आयुष्यभर आशाबाई आणि भीमसेनजी. तर कुठून सुरू करू? दोन तास बसवणार नाही.

सागरगोटा

ओवी, स्वागत. माझ्या मते आधी अकरावी सिंफनी, 'इक्सिऑन'. सहाच मिनिटांची आहे. ग्रीक कथेत इक्सिऑनला जळत्या चाकाला बांधून कायमचं फिरवत ठेवतात, आणि इथे एकच चाल वॉल्ट्झच्या अंगाने फिरते, फिरते, सुटत नाही, आणि ऑर्केस्ट्रात चार जादा ट्यूबा (खर्जातलं मोठं पितळी वाद्य) आणून बसवलेत. १९४४-४५ ची आहे, म्हणजे रिबेची. मग चौथी, 'पानगळ', १९१६ ची, पंचवीसेक मिनिटं, त्यात वारा आहे, पाऊस आहे आणि शेवटाकडे घंटा. मग 'स्फेअरर्नेस'. आणि ऑर्गनमध्ये थेट मेसिस नको, आधी तरुणपणीची 'फांटासिया पातेतिका' ऐक, त्यात तो लिस्टचा नातशिष्य आहे हे लगेच कळतं.

मध्यमसा

अकराव्यापासून सुरुवात? नवीन माणूस पळून जाईल हो. चौथी आधी. किंवा पहिली, ती सरळ सुंदर आहे. सकारी ओरामोने बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर केलीय २०२२ मध्ये, म्हणजे १९१३ मध्ये ज्या ऑर्केस्ट्राने पहिल्यांदा वाजवली तोच, १०९ वर्षांनी.

आबा_सांगलीकर

एक विचारू का. नील्सनचं आणि याचं वैर होतं असं कुठेतरी वाचलं. खरं काय?

सागरगोटा

आबा, वैर म्हणण्याएवढा संबंध दुसऱ्या बाजूने नव्हताच. लहानपणी लांगगोर थोडे दिवस नील्सनकडे शिकायला गेला होता. नील्सनचा प्रभाव त्याच्यावर उघड दिसतो, सहाव्या सिंफनीत तर स्पष्ट. पण नील्सन गेल्यावर सगळं डॅनिश संगीत त्याच्याच मापाने मोजलं जायला लागलं आणि त्या मापात याला जागा नव्हती. १९४८ मध्ये याने रिबेत बसून कॉयर आणि ऑर्केस्ट्रासाठी बत्तीस बारची (बार म्हणजे स्वरलिपीतला तालाचा एक विभाग) रचना लिहिली, शब्द एवढेच, 'कार्ल नील्सन, आमचा थोर संगीतकार', आणि खाली सूचना की अनंतकाळपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणावं. लोक ही गंमत म्हणून सांगतात. मला ती गंमत वाटत नाही. तो तेव्हा पंचावन्नचा होता, बारा सिंफनींच्या वर लिहून झाल्या होत्या, आणि दर रविवारी त्या गावात तीस-चाळीस लोकांना भजनाची चाल वाजवून देत होता असं चित्र डोळ्यासमोर आणा. तसंच त्याच वर्षीचं 'रेस अब्सुर्दा' आहे, कॉयर आणि ऑर्केस्ट्रा, अब्सुर्द, म्हणजे निरर्थक, हा एक शब्द घेऊन. त्या माणसाच्या घशात काय अडकलं होतं ते तिथे ऐकू येतं.

मात्र रिबेवर त्याचं प्रेम बसलं हेही लिहायला पाहिजे. नववी सिंफनी १९४२ ची, 'राणी डागमारच्या गावातून'. ही डागमार म्हणजे १२१२ मध्ये गेलेली डॅनिश राणी, 'राणी डागमार रिबेत आजारी पडलीय' असं जुनं लोकगीत आहे, आणि कथीड्रलच्या घंटा आजही दुपारी ती चाल वाजवतात. मी बाहेर चौकात उभी राहून ऐकते दरवेळी. त्याच्या शेवटच्या सिंफनीचं, सोळावीचं, नाव 'सूर्याचा महापूर', १९५१. नदीकाठी एक खांब आहे, त्यावर समुद्राच्या पुरांच्या खुणा, सगळ्यात वर १६३४ ची, आपल्या डोक्याच्या किती तरी वर. तो खांब बघितला की मला ते नाव आठवतं. संबंध माझ्या मनातला आहे, त्याने असं कुठे लिहिलंय असं मी म्हणत नाही.

जास्वंद

आणि त्याची बायको? कोणी तिच्याबद्दल बोलतच नाहीये.

सागरगोटा

बरं विचारलंस. कॉन्स्टान्स. १९२७ मध्ये लग्न झालं. इतकी वर्षं कोणी वाजवत नसलेल्या रचना लिहिणाऱ्या माणसाबरोबर संसार, राजधानी सोडून रिबेला येणं, आणि तो गेल्यावर कागद जपणं. हस्तलिखितं आज कोपनहेगनच्या रॉयल लायब्ररीत आहेत. मग बेंट वीनहोल्ट नील्सन या संशोधकाने अनेक वर्षं घालून सगळ्या रचनांची सूची केली, १९९१ मध्ये छापली, म्हणून प्रत्येक रचनेपुढे बीव्हीएन (त्याच्याच नावाची आद्याक्षरं) क्रमांक दिसतो. कागद राहिले नसते तर सूची कशाची करणार होते.

ओवी

मी ऐकलं! मध्यमसांचं ऐकून पानगळ आधी लावली. पहिली दोन मिनिटं काही कळेना, मग कळायचं सोडून दिलं. शेवटी घंटा आल्या तेव्हा स्वयंपाकघरात उभी होते, गॅस बंद केला. घंटा इतक्या वेळ चालतात की त्या आनंदाच्या की भीतीच्या तेच ठरेना. मग हिंमत करून इक्सिऑन लावलं. सहा मिनिटांत तीनदा वाटलं की आता संपलं. मुलगा म्हणाला आई परत लाव.

मध्यमसा

ओवी, 'आनंदाच्या की भीतीच्या' हे तुम्ही पहिल्याच ऐकण्यात पकडलंत, मला कितीतरी वेळा ऐकावं लागलं. सागरगोटा, मी काल मेसिसची पहिली संध्याकाळ तुम्ही सांगितलंत तशी ऐकली, बाकी काही न करता. असमान आहे हे मत कायम. पण पूर्वी मी ती गाडी चालवताना ऐकली होती आणि ते चुकलंच.

सागरगोटा

मध्यमसा, एवढं मला खूप झालं.

उन्हाळ्याच्या शेवटी रिबेत दरवर्षी त्याच्या नावाचा संगीत महोत्सव असतो, २०१० पासून. या भागात कोणी येणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, घरात एक खोली मोकळी आहे. चर्चमध्ये पुढच्या बाजूला चित्रकार कार्ल-हेनिंग पेडरसनने ऐंशीच्या दशकात केलेले मोझॅक आणि रंगीत काचा आहेत, लांगगोरने ते पाहिले नाहीत, पण ते निळे-पिवळे रंग समोर ठेवून त्याचं ऐकायला बसलं की डोळ्यांना आणि कानांना एकच काम मिळतं.

नगरी_नाना

उशिरा लिहितोय. वडिलांना काल तिसरी संध्याकाळ ऐकवली. वय ८४, ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकर पलंगाच्या लाकडाला टेकवून ठेवला, आबांचं बाकाचं वाक्य लक्षात होतं. पलंगावर तळहात ठेवून ऐकत होते. मी म्हटलं हे श्रीमंत मनुष्य आणि लाजर आहे. काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांचे पाय हलायला लागले, भाता मारायचे तसे, एक खाली एक वर. संपल्यावर विचारलं, हा एकटाच माणूस वाजवत होता? हो म्हटलं. म्हणाले, मग पायाने काय वाजवत होता ते परत लाव.